वाचकांचे प्रश्न : कामगार वस्तीतला कोपऱ्यावरचा पब

इंग्लंडमधील जुन्या औद्योगिक शहरांविषयी मागील अंकात आलेल्या लेखात कामगार वस्तीतल्या पबचा उल्लेख अगदी ओझरता झाला होता. त्या दोन ओळींवर अनपेक्षितपणे बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रलेखकांना पुढे काय झाले हे जाणून घ्यायचे आहे, तर काहींना या विषयाला मासिकात स्थान द्यावे का, अशीच शंका आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : लंडन, मँचेस्टर किंवा बर्मिंगहॅमच्या जुन्या नकाशांत कामगारांच्या एकेका रस्त्यावर दोन-दोन, तीन-तीन पब दाखवलेले दिसतात. लोक फार पिणारे होते म्हणून हे झाले, की त्यामागे दुसरे काही कारण होते?

लोक पीत होतेच, पण पबची संख्या जी फुगली ती प्रामुख्याने कायद्यामुळे, आणि हे कारण सहसा सांगितले जात नाही म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. इंग्लंडमध्ये बिअर विकणाऱ्या घराला स्थानिक न्यायाधीशांचा परवाना लागेल, हा नियम १५५२ सालापासूनचा आहे. अठराव्या शतकात लंडनच्या गरीब वस्त्यांत जिन या स्वस्त आणि जहाल मद्याने हाहाकार उडवला. तो आवरण्यासाठी १७३६ आणि १७५१ साली पार्लमेंटने कायदे केले. जिन म्हणजे नाश आणि बिअर म्हणजे अंगमेहनत करणाऱ्याचे पौष्टिक पेय, ही समजूत राज्यकर्त्यांच्या मनात तेव्हापासून घट्ट बसली. पुढे १८२५ च्या सुमारास मद्यार्कावरील कर कमी करण्यात आला आणि जिन पुन्हा स्वस्त झाली. गॅसच्या दिव्यांनी लखलखणारी, मोठमोठ्या काचा लावलेली जिनची दुकाने शहरांत उभी राहू लागली, तेव्हा सरकारने त्यावर एक विलक्षण उपाय योजला.

तो उपाय म्हणजे १८३० चा बिअरगृहांचा कायदा. ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात झालेल्या या कायद्याने बिअरवरील कर रद्द केला आणि वर्षाला दोन गिनी भरून स्थानिक कर देणाऱ्या कोणत्याही घरमालकाला आपल्या घरात बिअर विकण्याची मुभा दिली. न्यायाधीशांच्या संमतीची गरज उरली नाही. बड्या बिअर उत्पादकांनी आणि त्यांच्या मर्जीतल्या परवानाधारकांनी बाजार मुठीत ठेवला आहे, ही तक्रारही या निर्णयामागे होती. परिणाम असा झाला की, कोणी आपल्या घराची पुढची खोली रिकामी केली, दोन बाकडी टाकली, मागच्या बाजूला पिंप ठेवले आणि धंदा सुरू केला. चांभारकाम, सुतारकाम किंवा किराणा यांसारख्या मूळ व्यवसायाच्या जोडीलाही अनेकांनी बिअर विकायला घेतली. काही वर्षांतच अशी हजारो घरे देशभर झाली. १८६९ साली पार्लमेंटने परवान्याचा अधिकार न्यायाधीशांना परत दिला, मात्र त्याआधी सुरू झालेल्या बिअरगृहांना संरक्षण ठेवले, त्यामुळे त्यांचे परवाने नाकारणे अवघड झाले. जुन्या कामगार गल्ल्यांत इतकी लहान लहान पबघरे विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली, त्याचे मोठे कारण ही तरतूद आहे.

यात घरबांधणीच्या अर्थकारणाचीही भर पडली. एकोणिसाव्या शतकात कामगारांसाठी चाळवजा घरांच्या रांगा बांधणारा कंत्राटदार पुष्कळदा कोपऱ्यावरचा पब आधी बांधून घेई, त्याचा भाडेपट्टा चांगल्या किमतीला विकी आणि त्या पैशांतून पुढची घरे पुरी करी. कोपऱ्याला दोन रस्त्यांवरून गिऱ्हाईक येते, म्हणून ती जागा पबची ठरली. पुढे १८८० आणि १८९० च्या दशकांत बिअर कंपन्यांनी भागभांडवल उभारून धडाधड पब विकत घेतले आणि आपल्याच कारखान्याची बिअर विकण्याच्या अटीवर ते चालवायला दिले. असा बांधील पब चालवणारा माणूस वस्तीच्या लेखी मालक असला, तरी प्रत्यक्षात तो कंपनीचा भाडेकरू असे.

प्रश्न : पबच्या जुन्या इमारतींना दोन किंवा तीन वेगवेगळी दारे का असतात? आत पिण्याखेरीज काय चालत असे?

या प्रश्नात पबचा खरा इतिहास आहे, असे मला वाटते. कामगाराच्या घरात खोल्या दोन, माणसे सहा-आठ, आणि विस्तव एका चुलीपुरता. चार माणसांनी बसून बोलावे, वर्गणी मोजावी, ठराव करावा अशी ऊब, उजेड आणि टेबल असलेली दुसरी जागा वस्तीत नव्हती. प्रार्थनामंदिराच्या खोल्या होत्या, पण तिथे त्यांच्या अटी पाळाव्या लागत. नगरवाचनालये आणि कामगारांचे स्वतःचे क्लब पुढे आले. तोवर हे काम पबच्या माडीवरच्या खोलीने केले.

दारांचे म्हणाल तर प्रत्येक दार वेगळ्या दर्जाच्या खोलीत उघडे. ‘पब्लिक बार’मध्ये लाकडी बाकडी, उघडी जमीन आणि सर्वांत स्वस्त बिअर, कामावरून थेट मळक्या कपड्यांनी आलेला माणूस तिथे उभ्याने पिई. ‘सलून बार’मध्ये गालिचा, गादीची आसने आणि थोडी जास्त किंमत. ‘स्नग’ ही आडोशाची चिमुकली खोली, जिथे वयस्क स्त्रिया किंवा चारचौघांत दिसू न इच्छिणारे गिऱ्हाईक बसे. काही ठिकाणी काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला फिरत्या धुरकट काचांच्या झडपा असत, म्हणजे गिऱ्हाइकाचा चेहरा पलीकडच्या खोलीतल्यांना दिसू नये. आणखी एक अरुंद दार घरी बिअर नेणाऱ्यांसाठी असे. तिथे शेजारपाजारची मुले वडिलांच्या जेवणाच्या वेळी हातात जग घेऊन उभी राहत. १९३७ पासून मास ऑब्झर्व्हेशन या संस्थेच्या निरीक्षकांनी बोल्टन या कापडगिरण्यांच्या शहरातल्या पबमध्ये दीर्घकाळ बसून नोंदी केल्या. तिथे तर एकाच पिंपातली बिअर पुरुषांच्या साध्या खोलीत एक पेनी स्वस्त आणि बैठकीच्या खोलीत एक पेनी महाग होती. शनिवारी संध्याकाळी पत्नीसह येणारा कामगार तो जास्तीचा पेनी मोजून चांगल्या खोलीत बसे, आणि एरवी आठवडाभर साध्या खोलीत उभा राही. त्या निरीक्षकांनी असेही नोंदले आहे की, घर आणि कामाची जागा सोडली तर लोकांचा सर्वाधिक वेळ पबमध्येच जाई.

माडीवरच्या खोलीत आजारपण आणि मृत्यूसाठी पैसे साठवणाऱ्या परस्पर साहाय्य मंडळांच्या सभा होत. विमा आणि पेन्शन नसलेल्या काळात महिन्याला काही पेन्स भरून आजारपणात भत्ता आणि मेल्यावर सन्मानाने दफन एवढी हमी ही मंडळे देत. त्यांची तिजोरी म्हणजे तीन कुलपांची पेटी असे आणि किल्ल्या तीन वेगवेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे राहत. खोलीचे भाडे रोख देण्याऐवजी सभासदांनी ठरावीक रकमेची बिअर घ्यावी, असा पुष्कळ ठिकाणी रिवाज होता. या रिवाजावर सुधारकांनी कडाडून टीका केली आणि ती योग्यच होती. कारागिरांच्या संघटनांचेही पत्ते पबचेच असत. काम शोधत गावोगाव फिरणारा सभासद आपले कार्ड दाखवून तिथे रात्रीचे जेवण, झोपायला जागा आणि कुठे काम आहे याची खबर मिळवत असे.

राजकारणही इथेच शिजले. सामान्य माणसाला मताचा अधिकार मिळावा म्हणून टॉमस हार्डी या मोचीने जानेवारी १७९२ मध्ये लंडन करस्पाँडिंग सोसायटीची पहिली बैठक घेतली, ती स्ट्रँडजवळच्या ‘बेल’ या पबमध्ये. १८८९ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्स मजुरीसाठी संप पुकारला, तेव्हा संप समितीचे कार्यालय पॉपलर भागातल्या ‘वेड्स आर्म्स’ या पबमध्ये होते. बेन टिलेट, टॉम मान, जॉन बर्न्स हे पुढारी तिथूनच संप चालवत होते आणि समितीच्या पत्रव्यवहारात कार्ल मार्क्स यांच्या कन्या एलिनॉर मार्क्स हातभार लावत होत्या. महिनाभराने कामगारांची मागणी मान्य झाली. रोजंदारीवर गोदीच्या दारात ताटकळणाऱ्या असंघटित माणसांचा हा विजय ब्रिटिश कामगार चळवळीला कलाटणी देणारा ठरला. त्या संपाचे व्यवस्थापन एका पबच्या खोलीतून झाले, ही गोष्ट इतिहासाच्या तळटिपेत ढकलण्यासारखी नाही.

फुटबॉलचे नियम ठरवणारी फुटबॉल असोसिएशन २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या ‘फ्रीमेसन्स टॅव्हर्न’मध्ये स्थापन झाली, हे अनेकांना ठाऊक असेल. मात्र अपमृत्यूची चौकशीही पबमध्ये होत असे, हे फारसे ठाऊक नसते. चौकशी अधिकारी आणि पंच बसतील एवढी मोठी खोली परिसरात तेवढीच असल्यामुळे काही वेळा मृतदेह पबच्या मागच्या शेडमध्ये ठेवून पुढच्या खोलीत साक्षी घेतल्या जात. दुसरी सोयीची जागा उपलब्ध असल्यास ही प्रथा बंद करावी, असे १९०२ च्या कायद्याने ठरवले.

प्रश्न : दारूच्या धंद्याचा असा गौरव करणे आपल्याला पटते का? त्या वस्त्यांतल्या बायकामुलांनी या पबपायी काय सोसले, याविषयी आपण लिहाल का?

पत्र लिहिणाऱ्या भगिनींचा रोष रास्त आहे आणि त्यांनी विचारलेली बाजू सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

पबने कामगाराला खोली दिली तशी त्याची मजुरीही गिळली, आणि हे काही ठिकाणी योजनापूर्वक झाले. थेम्स नदीवर जहाजांतून कोळसा उपसणाऱ्या मजुरांचे उदाहरण सर्वांत विदारक आहे. त्यांच्या टोळ्या कामाला लावण्याची मक्तेदारी नदीकाठच्या पबमालकांकडे होती. जो जास्त पिईल त्याला आधी काम, जो पिणार नाही तो उपाशी, असा तो व्यवहार होता. मजुरी हातात पडण्याआधीच तिच्यातून बिअरचे पैसे कापले जात. १८४३ साली पार्लमेंटने या मजुरांसाठी स्वतंत्र नोंदणी कार्यालय स्थापन केले, तेव्हा कुठे त्यांना पबच्या दाराऐवजी कार्यालयाच्या दारात रांग लावता आली. खाणकामगारांना पबमध्ये वेतन देण्यास १८४२ च्या खाण कायद्याने बंदी घातली होती. इतर कामगारांसाठी तशी सर्वसाधारण बंदी १८८३ साली आली, म्हणजे मधली चार दशके हजारो घरांत शनिवारी रात्री नवरा किती पैसे घेऊन येतो याची वाट पाहण्यात गेली. मुकादम पगाराची मोठी नोट पबमध्ये मोडायला न्यायचा आणि कामगारांना तिथे तासन्‌तास थांबावे लागायचे, ही युक्तीही सर्रास चाले.

याला विरोध वस्तीतूनच झाला, हे मी आवर्जून सांगेन. १ सप्टेंबर १८३२ रोजी प्रेस्टन या गिरणगावात जोसेफ लिव्हसी आणि त्यांच्या सहा सोबत्यांनी संपूर्ण मद्यत्यागाची शपथ घेतली. लिव्हसी स्वतः हातमागावर काम करून वर आलेले होते. त्यांच्यामागून उभ्या राहिलेल्या चळवळीने चहाकॉफीची गृहे, वाचनालये आणि सभागृहे उभारली. पबला पर्याय द्यायचा तर आधी ऊब आणि बाकडे द्यावे लागेल, हे या लोकांनी बरोबर ओळखले होते.

मुलांच्या बाबतीत कायदा उशिरा जागा झाला. जग घेऊन बिअर आणायला जाणारे मूल वाटेत घोट घेते, ही तक्रार जुनी होती. १९०१ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांच्या हाती सीलबंद भांड्याखेरीज मद्य देण्यास मनाई केली आणि १९०८ च्या कायद्याने त्यांना बारमध्ये येण्यासच बंदी केली. पहिल्या महायुद्धात तर दारूगोळ्याच्या उत्पादनात व्यत्यय नको म्हणून सरकारने पबच्या वेळा एकदम आखडल्या, दुपारी सक्तीने बंद ठेवायला लावले आणि एकाने दुसऱ्यासाठी पेय विकत घेण्यालाही काही काळ गुन्हा ठरवले. कार्लाइल आणि ग्रेटना परिसरातले पब १९१६ साली सरकारने स्वतःच्या ताब्यात घेतले, त्यांत जेवणाची सोय केली, आणि ही सरकारी व्यवस्था १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालू राहिली. दुपारच्या बंदीचा युद्धकालीन नियमही १९८८ पर्यंत टिकला.

स्त्रियांना पबमध्ये बरोबरीने वागवले जाण्यासाठी तर त्याहून जास्त काळ लागला. स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचा कायदा १९७५ साली झाला होता, तरी लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एका प्रसिद्ध मद्यगृहात स्त्रियांना काउंटरवर उभे राहून पेय घेऊ देत नसत. त्याविरुद्ध दोन स्त्रियांनी लढवलेला खटला १९८२ साली अपील न्यायालयात त्यांच्या बाजूने लागला.

प्रश्न : स्वातंत्र्यानंतर जे भारतीय कामगार इंग्लंडला गेले, त्यांना या पबमध्ये प्रवेश होता का?

याचे उत्तर देताना बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला लागून असलेल्या स्मेदिक या कामगार शहराची हकिकत सांगणे उचित होईल. मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॉट यांचा वाफेची इंजिने बनवणारा सोहो फाउंड्री हा कारखाना १७९६ साली इथेच सुरू झाला. १८५१ च्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसची काच इथल्याच चान्स बंधूंच्या कारखान्यातून गेली. भट्टीसमोर दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसांच्या या शहरात मिचेल्स अँड बटलर्स या बिअर कंपनीचा केप हिल येथील प्रचंड कारखाना होता आणि त्या कंपनीचे भव्य पब होते. शायरलंड रोडवरचा १९०७ सालचा ‘वॉटर्लू’ आजही त्यातल्या रंगीत फरशांच्या कामासाठी संरक्षित वास्तू म्हणून ओळखला जातो. ओतशाळेतला कामगार तिथे काळसर रंगाची, सौम्य, स्वस्त ‘माइल्ड’ बिअर मोठ्या प्रमाणात पिई. भट्टीने शोषलेले पाणी भरून काढण्यासाठी तीच त्याला परवडत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या ओतशाळांना माणसे कमी पडू लागली आणि पंजाबातून आलेले तरुण त्यांत भरती झाले. सर्वांत तप्त, सर्वांत धुळीची कामे त्यांच्या वाट्याला आली. पाळी संपल्यावर गोऱ्या सोबत्यांप्रमाणे तेही पबकडे वळले, तेव्हा त्यांना कळले की आपल्यासाठी एकच खोली आहे. पब्लिक बारमध्ये पेय मिळे, पण चांगल्या खोलीत बसल्यास ‘इथे तुम्हाला मिळणार नाही’ असे सांगितले जाई, आणि काही पब तर दारातूनच परत पाठवत. वर सांगितलेल्या त्या वेगवेगळ्या दारांचा उपयोग आता कातडीच्या रंगाप्रमाणे होऊ लागला होता.

याविरुद्ध लढा दिला तो इंडियन वर्कर्स असोसिएशनने. तिचे स्थानिक नेते अवतारसिंग जोहल हे स्वतः ओतशाळेत काम केलेले. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ही मंडळी ठरवून पबमध्ये जात. विद्यार्थ्यांना पेय दिले जाई, त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या भारतीयांना नाकारले जाई, आणि मग हा भेदभाव साक्षीदारांसह उघड करता येई. १९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत स्मेदिकची जागा उघड वंशद्वेषी प्रचारामुळे देशभर गाजली आणि तिथे हुजूर पक्षाच्या पीटर ग्रिफिथ्स यांनी मजूर पक्षाच्या पॅट्रिक गॉर्डन वॉकर यांचा पराभव केला. त्यानंतर १२ फेब्रुवारी १९६५ रोजी असोसिएशनच्या निमंत्रणावरून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले. जोहल त्यांना ‘ब्लू गेट्स’ या पबमध्ये घेऊन गेले, आणि तिथल्या चांगल्या खोलीत त्यांनाही पेय नाकारण्यात आले. त्यांना पब्लिक बारमध्ये जावे लागले. पुढच्या नऊच दिवसांत न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली.

त्याच वर्षाअखेरीस अमलात आलेल्या वांशिक संबंधविषयक कायद्याने हॉटेले, नाट्यगृहे आणि पब यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वर्णावरून प्रवेश नाकारणे बेकायदा ठरवले. नोकरी आणि घर भाड्याने देण्यातील भेदभावाला मात्र या कायद्याने हात लावला नाही. त्यासाठी १९६८ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. कायदा झाला तरी वागणूक लगेच बदलली नाही, आणि म्हणूनच हळूहळू पंजाबी लोकांनी स्वतःच पब चालवायला घेतले. १९८० च्या दशकापर्यंत ओतशाळा भराभर बंद पडत होत्या आणि जुने गोरे मालकही धंदा सोडत होते. त्या वेळी स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविच, हँड्सवर्थ या भागांत कोपऱ्यावरचे पब भारतीय कुटुंबांनी सांभाळले. आज त्यांना ‘देशी पब’ म्हणतात. बिअरच्या पिंटबरोबर कोळशावर भाजलेले मांस, कांदा आणि नान मिळते. काउंटरवर पंजाबी आणि स्थानिक ढंगाची इंग्रजी दोन्ही ऐकू येतात. वेस्ट ब्रॉमविचच्या ‘रेड लायन’ या देशी पबच्या खिडक्यांत या स्थलांतरितांची कहाणी सांगणारी रंगीत काच बसवलेली आहे. ज्या पबने आजोबांना एका खोलीत कोंडले, त्याच प्रकारचा पब त्यांच्या नातवंडांनी बंद पडण्यापासून वाचवला, ही घटना मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते.

प्रश्न : असे जुने पब आता बंद पडत आहेत, असे वाचनात येते. त्यांना कायद्याचे काही संरक्षण आहे का?

बंद पडत आहेत हे खरे आहे. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या आसपास पब होते. आज ती संख्या पन्नास हजारांच्या बरीच खाली आली आहे. कामगार वस्तीतल्या पबला पहिला तडाखा बसला तो युद्धोत्तर काळात झोपडवजा घरांच्या रांगा पाडण्यात आल्या तेव्हा. सॅलफर्ड आणि पूर्व मँचेस्टरमध्ये भोवतालची घरे गेली आणि कोपऱ्यावरचा पब कोपऱ्याशिवाय एकटाच उभा राहिला. त्यानंतर गिरण्या आणि गोद्या गेल्या, सुपरबाजारात बिअर स्वस्त मिळू लागली, आणि १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंद जागेतले धूम्रपान थांबले. १९८९ साली सरकारने मोठ्या बिअर कंपन्यांच्या मालकीच्या पबवर मर्यादा आणली, तेव्हा मक्तेदारी मोडेल अशी अपेक्षा होती. पण ते पब नव्या मालमत्ता कंपन्यांनी घाऊक विकत घेतले आणि चालकांच्या मानेवरचे भाड्याचे जोखड तसेच राहिले. माझ्या मते हा धोरणाचा मोठा पराभव होता.

संरक्षणाच्या दृष्टीने दोन-तीन साधने आहेत. ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नाव असेल तर परवानगीशिवाय पाडता येत नाही. २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्यानुसार रहिवासी एखादा पब ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंदवू शकतात आणि तो विकायला निघाल्यास पैसे उभे करण्यासाठी त्यांना मुदत मिळते. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचे दुकान करायला नियोजन परवानगी घ्यावीच लागते.

रहिवाशांनी चिकाटी धरली तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे लंडनमधील किलबर्न भागातला ‘कार्लटन टॅव्हर्न’. १९२०–२१ साली बांधलेला हा पब दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांतून वाचला होता. एप्रिल २०१५ मध्ये, त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळण्याच्या बेतात असताना, मालक कंपनीने परवानगी न घेता तो पाडून टाकला. धोका ओळखून रहिवाशांनी आधीच वास्तुवारसा खात्याला बोलावले होते आणि त्या खात्याने इमारतीच्या बारीकसारीक नोंदी घेऊन ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे वेस्टमिन्स्टर कौन्सिलने पब जसा होता तसा विटेला वीट जोडून पुन्हा बांधण्याचा आदेश दिला, मालकाचे अपील फेटाळले गेले, आणि एप्रिल २०२१ मध्ये त्याचे दार पुन्हा उघडले.

प्रश्न : माझी मुलगी पूर्व लंडनमध्ये राहते. तिच्या घराजवळच्या पबवर ‘सतराव्या शतकापासून’ अशी पाटी आहे. अशा दाव्याची खातरजमा कशी करावी?

पाटीवर विसंबून राहू नये, हे पहिले. एकाच नावाचा पब त्याच जागेवर दोन-तीनदा नव्याने बांधला गेलेला असतो, किंवा नाव जुने आणि जागा नवी असते. आज दिसणारी इमारत बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या शेवटच्या तीस वर्षांतली निघते.

शोध आजपासून मागे मागे न्यावा. जनगणनेत त्या पत्त्यावर कोण राहत होते हे १८४१ पासून १९२१ पर्यंत, मध्ये दहा-दहा वर्षांच्या टप्प्याने, पाहता येते. पबचालकाबरोबर बारमधले नोकर आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरूही त्यात सापडतात. मधल्या वर्षांसाठी ‘केली’ या प्रकाशकाच्या व्यापारी निर्देशिका उपयोगी पडतात, कारण त्यांत रस्तावार पबचालकांची नावे असतात. परवान्यांच्या नोंदवह्या जिल्हा अभिलेखागारांत, तर लंडनसाठी शहराच्या अभिलेखागारात मिळतात, आणि परवाना कोणत्या साली कोणाकडून कोणाकडे गेला हे त्यांवरून निश्चित होते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याच्या मोठ्या प्रमाणाच्या जुन्या नकाशांवर पूर्ण परवान्याचा पब आणि साधे बिअरगृह यांना वेगवेगळी आद्याक्षरे दिलेली असतात, त्यामुळे १८३० च्या कायद्याखाली निघालेले घर कोणते हे लगेच उमगते.

पूर्व लंडनसाठी एक अमोल साधन वेगळे आहे. चार्ल्स बूथ यांनी १८८६ ते १९०३ या काळात लंडनच्या गरिबीची पाहणी केली आणि प्रत्येक रस्त्याला तिथल्या लोकांच्या स्थितीप्रमाणे रंग दिला; काळा रंग सर्वांत हलाखीच्या वस्तीचा, पिवळा सर्वांत श्रीमंतांचा. त्यांचे सहकारी त्या त्या भागातल्या पोलीस शिपायाबरोबर रस्तोरस्ती हिंडत आणि पबविषयी शिपाई काय सांगतो ते वहीत टिपत. या वह्या आणि नकाशे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने संगणकावर सर्वांसाठी खुले केले आहेत. ओल्ड बेली न्यायालयातील १६७४ ते १९१३ पर्यंतच्या खटल्यांची प्रकाशित इतिवृत्तेही तशीच उपलब्ध आहेत. त्यांत पबचे नाव घालून शोध घेतला तर चोरीच्या एखाद्या साक्षीत कोणत्या खोलीत कोण बसले होते, दिवा कुठे होता, किती पेन्सची बिअर घेतली, इतके तपशील हाती लागतात. सतराव्या शतकाचा दावा खरा असेल, तर त्याचा माग बहुधा याच इतिवृत्तांत किंवा जुन्या परवान्यांच्या जामीनपत्रांत सापडेल. आपल्या मुलीने सुरुवात मात्र १९२१ च्या जनगणनेपासून करावी, आणि पबचे नाव बदललेले असू शकते म्हणून नावाबरोबर रस्ता व घरक्रमांकही शोधावा. घरक्रमांकही नगरपालिकेने बदललेले असतात, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर शेजारच्या दोन-तीन घरांची नावे टिपून ठेवलेली बरी.